जुन्या गाडीचे इंजिन-गिअरबॉक्स बदलायचे आहे? पाना हातात घेण्याआधी आरटीओत अर्ज टाका

इंजिन बदलाचे अर्ज आरटीओतून परत येण्याचे नेहमीचे कारण एकच. काम आधी उरकलेले असते आणि कागदांची शोधाशोध नंतर सुरू होते. घरामागच्या लिंबाला चेनपुली बांधून जुने इंजिन उतरवले, भंगारातून दुसरे आणून बसवले, गाडी झकास पळायला लागली. मग पासिंगची तारीख जवळ आली की ध्यानात येते, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) इंजिनाचा नंबर जुनाच आहे. मराठवाड्यात जुन्या जीप, कमांडर, जिप्सी, मारुती ८०० अजून भरपूर फिरतात. त्या भंगारात घालण्यापेक्षा धडधाकट इंजिन टाकून वापराव्यात, हा विचार काही चुकीचा नाही. कागदाची बाजू मात्र आधी समजून घ्या.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितले. याच कलमात दहा किंवा जास्त व्यावसायिक वाहने असणाऱ्या मालकांसाठी आरटीओची मंजुरी न घेता इंजिन बदलण्याची एक सवलत आहे आणि तिथेही अट ‘त्याच मेकचे (कंपनीचे), त्याच प्रकारचे इंजिन’ अशीच आहे. तुमच्या-माझ्या एकट्या गाडीला ती सवलत नाही, पण आरटीओचे निरीक्षक मोजमाप तेच लावतात. म्हणजे मारुती ८०० ला ८०० चेच ७९६ सीसी इंजिन मागा, वाट मोकळी आहे. तिच्यात झेनचे ९९३ सीसी बसते, मिस्त्री ते आनंदाने बसवूनही देतो, पण आरसीवर सीसी बदलते आणि अर्ज तिथेच अडतो. ९७० सीसीच्या जुन्या जिप्सीत १२९८ सीसीचे इंजिन टाकले तरी हाच प्रकार. पेट्रोल जीपला डिझेल इंजिन हा तर आपल्याकडचा आवडता उद्योग. त्याला मंजुरी मिळेल या भरवशावर पैसे घालू नका. इंधन बदलायला कायद्याने ठेवलेली वाट मान्यताप्राप्त किटची आहे, सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीची. वाहने तपासणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने त्या किटला तुमच्या मॉडेलसाठी मान्यता दिलेली असावी लागते. नुसते ‘आयएसआय आहे साहेब’ म्हणणाऱ्या दुकानदारावर जाऊ नका.

आता १४ दिवसांचे. कलमात १४ दिवस लिहिलेत म्हणून लोक समजतात, आधी इंजिन बसवा, दोन आठवड्यांत कळवा. तसे नाही. आधी परवानगी, मग काम, आणि काम झाल्यापासून १४ दिवसांत आरसीवर नोंद करून घेण्यासाठी अर्ज. मुदत नोंदीची आहे, परवानगीची नाही. परवानगी न घेता केलेल्या बदलाला कलम १८२अ लागू शकते. त्यात प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

गिअरबॉक्सची गोष्ट सोपी आहे. आरसीवर इंजिन नंबर, चासी (गाडीचा सांगाडा) नंबर, सीसी, इंधन, आसने, वजन असते. गिअरबॉक्सचा नंबर नसतो. मारुती ८०० च्या चार गिअरच्या जागी त्याच गाडीच्या पुढच्या मॉडेलचा पाच गिअरचा बॉक्स आला म्हणून आरसीत काही बदलत नाही. जीपचा केएमटी-९० हा जुना बॉक्स काढून पाच गिअरचा बॉक्स घालताना मात्र लांबी बदलते, क्रॉस मेंबर (बॉक्सला आधार देणारी आडवी पट्टी) सरकवावा लागतो, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. इथे लोक चासीवर गॅस कटर चालवतात. ते करू नका. चासीला वेल्डिंग दिसले की निरीक्षकाच्या लेखी तो ढाच्यातला बदल ठरतो. आणि चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरला तर पुढचे प्रश्न आरटीओत नाही, पोलीस ठाण्यात विचारले जातात.

सगळ्यात जास्त अर्ज ज्या कागदापायी परत येतात तो म्हणजे इंजिन कुठून आले याचा पुरावा. भंगारवाल्याची वहीच्या पानावरची चिठ्ठी चालत नाही. जीएसटी क्रमांक असलेले बिल हवे आणि त्यावर इंजिन नंबर पूर्ण लिहिलेला हवा. ‘जुने इंजिन, एक नग’ असे बिल निरुपयोगी. इंजिन ज्या गाडीतून निघाले तिच्या आरसीची प्रत आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही मागा. विकणारा ‘नंतर देतो’ म्हणाला तर इंजिन तिथेच ठेवा, कारण नंतर तो फोन उचलत नाही. चोरीच्या गाड्यांची माहिती एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ या सेवेत इंजिन नंबरवरून तपासता येते; पैसे मोजायच्या आधी ते करा. हाफ इंजिन (हेडशिवायचे खालचे इंजिन) किंवा नुसता ब्लॉक नंबराशिवाय आला असेल तर त्यावर जुना नंबर ठोकून देणारे लोक प्रत्येक औद्योगिक वसाहतीत भेटतील. त्यांच्या नादी लागलात तर गाडीही जाईल.

दुसरी अडचण जुन्या बोज्याची. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटले, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच. आपल्याकडे त्यात बहुतेकदा स्टेट बँक ऑफ हैदराबाद असते आणि ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. ना हरकत आता स्टेट बँकेच्या शाखेतून काढावी लागते, बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ सोबत. शाखेत जुने खाते सापडत नाही म्हणून हात वर करतात. लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तोंडी विचारणा उपयोगाची नाही.

आरसी पुस्तकाच्या रूपात असेल तर आधी परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघा. नोंद दिसलीच नाही तर गाडी ऑनलाइन चढलेलीच नाही, आणि ‘बॅकलॉग’ नोंद (जुनी गाडी पोर्टलवर चढवणे) झाल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. लोक चुकीच्या खिडकीवर दिवस घालवून घरी जातात आणि ही एवढी गोष्ट त्यांना कोणी सांगत नाही, याचा राग येतो. पुण्याची एमएच १२ गाडी लातूरला वापरत असाल तर पत्ताही आधी बदलून घ्या.

बाकी नेहमीचेच: पोर्टलवर अर्ज, शुल्क, विमा, पीयूसी, आधार, थकलेली चलने भरलेली, उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली.

काम घरी केले असेल तर फिटिंगचे बिल कोण देणार, हाही प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी गॅरेजचे बिल मागतात. जोडणी घरी करायची हौस असेल तरी शेवटची तपासणी नोंदणीकृत गॅरेजात करून त्याचे रीतसर बिल घ्या. गाडी निरीक्षकाला प्रत्यक्ष दाखवावी लागते. किनवट किंवा उमरग्याहून जिल्ह्याला येताना परवानगीचे पत्र गाडीत ठेवा, रस्त्यात अडवले तर तेवढाच आधार. निघण्याआधी इंजिन नंबरची जागा रॉकेलने पुसून स्वच्छ करा. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की अक्षरे उमटली पाहिजेत. ग्रीसखाली नंबर दिसला नाही की ‘पुढच्या आठवड्यात या’ हे ठरलेले.

नोंद झाली की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो. नवी आरसी आली की तिच्यावरचा नंबर इंजिनाशी एकेक अक्षर जुळवा. शून्याच्या जागी ओ, पाचाच्या जागी एस पडलेला असतो. तो खिडकीवरच दाखवला तर लवकर सुधारतो, घरी नेऊन महिन्याने दाखवला तर नवा अर्ज करायला लावतात.