ठरवणारा आणि करणारा : कामाच्या याद्यांमागचा इतिहास

डेव्हिड अ‍ॅलन या अमेरिकी सल्लागाराचे ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे पुस्तक २००१ साली प्रसिद्ध झाले, आणि कामाचा ताण कमी करणाऱ्या वैयक्तिक पद्धतींची आजची चर्चा बहुतांशी त्याच्याभोवती फिरते. मनात आलेले प्रत्येक काम लगेच टिपून ठेवायचे, त्यातली नेमकी पुढची कृती कोणती ते ठरवायचे, दोन मिनिटांत होण्यासारखे असेल तर तिथल्या तिथे उरकायचे आणि आठवड्यातून एकदा सगळ्या याद्यांवरून नजर फिरवायची, असे या पद्धतीचे स्थूल स्वरूप आहे. संगणक आणि ईमेल यांच्या धबडग्यातून ती जन्मली असे अनेकांना वाटते. माझ्या मते तिची मुळे त्याच्या शंभर वर्षे आधीच्या कारखान्यांत शोधावी लागतात.

अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली मांडलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनात प्रत्येक कामगाराचे काम व्यवस्थापनाने किमान एक दिवस आधी आखावे आणि ते त्याला लेखी द्यावे, असा आग्रह होता. ठरवणारा वेगळा आणि करणारा वेगळा, अशी ती सरळ विभागणी होती. तिने कामगाराचे स्वातंत्र्य हिरावून घेतले हे खरेच आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. पण आज काय करायचे, हा प्रश्न तरी त्याच्यापुढे उरत नसे.

याच काळात कचेरीचे दप्तरही बदलत होते. पूर्वी घड्या घालून खणांत कोंबली जाणारी पत्रे उभ्या फोल्डरमध्ये लावण्याची कपाटे १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढे सर्वत्र पसरली. कागद तारखेनुसार लावता येऊ लागले, तेव्हा फोल्डर ही स्मरणाचीही सोय ठरली. महिन्याच्या दिवसांचे ३१ आणि वर्षाच्या महिन्यांचे १२ असे ४३ फोल्डर ठेवायचे, ज्या दिवशी कागद लागणार त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये तो टाकायचा आणि रोज सकाळी त्या दिवसाचा फोल्डर उघडायचा, ही कारकुनी युक्ती अ‍ॅलन यांनी आपल्या पुस्तकात जशीच्या तशी घेतली आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र ठरवणारा आणि करणारा ही विभागणी मोडली. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी ज्याला ज्ञानकर्मी (हातांपेक्षा ज्ञानाच्या जोरावर काम करणारा) म्हटले, त्या माणसाला काम आखून देणारे कोणी नसते. काय करायचे हे त्यानेच ठरवायचे आणि त्यानेच करायचे. दोन्ही भूमिका एकाच डोक्यात एकाच वेळी वावरू लागल्या की समोरचे काम करताना बाकीच्या दहा कामांची टोचणी सुरू राहते. अ‍ॅलन यांचे खरे योगदान मला इथे दिसते: ठरवण्याची वेळ आणि करण्याची वेळ त्यांनी एकाच माणसाच्या दिवसात पुन्हा वेगळी केली. पुढची कृती आधीच ठरवून ठेवण्याचा धडा आपण डीन अ‍ॅचेसन या सल्लागाराकडून (परराष्ट्रमंत्री अ‍ॅचेसन वेगळे) घेतला, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले आहे.

या टोचणीचा अभ्यास मानसशास्त्रात बराच आधी सुरू झाला होता. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी, मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असा निष्कर्ष १९२७ साली मांडला. नंतरच्या प्रयोगांत तो दर वेळी तसाच आढळला नाही. २०११ मध्ये मॅसिकँपो आणि बॉमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखवली: अपुऱ्या उद्दिष्टाचे विचार मनात घुसत राहणे थांबायला काम पूर्ण व्हावेच लागते असे नाही, त्याचा नेमका बेत ठरला तरी पुरते.

दरम्यान मर्लिन मान या अमेरिकी लेखकाने २००४ साली ‘४३ फोल्डर्स’ हे संकेतस्थळ सुरू करून ही पद्धत संगणकावर काम करणाऱ्या पिढीपर्यंत नेली. ईमेलची पेटी रिकामी ठेवण्याची ‘इनबॉक्स झिरो’ ही त्यांची कल्पना विशेष गाजली. त्याच कल्पनेवरचे पुस्तक त्यांनी लिहायला घेतले. परंतु त्या लेखनापायी घरच्यांना देण्याचा वेळ निसटतो आहे असे वाटून २०११ साली त्यांनी त्यातून अंग काढून घेतले.