५२ एक्स आणि बारा सीडींची कादंबरी

आत्याकडे एका कादंबरीच्या वाचनाचा बारा सीडींचा संच आहे. तिचा प्लेअर बंद पडला, नजर आधीच अधू झालेली, म्हणून "मोबाइलवर घालून दे" असं सांगत तिने तो माझ्याकडे सोपवला. मी ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला, पहिल्या सीडीवरचे सगळे ट्रॅक निवडले, कॉपी केले, पेनड्राइव्हवर पेस्ट केले. डोळ्याचं पातं लवेपर्यंत काम फत्ते. इतकं झटपट झालं तेव्हाच संशय यायला हवा होता. बाराही सीडी उरकल्यावर पाहिलं, तर प्रत्येक फाइल ४४ बाइटची आणि आवाजाचा पत्ता नाही.

माझ्यासारखे फसलेले पुष्कळ असतील. ऑडिओ सीडीवर मुळात फाइल नसतातच. विंडोज आपल्याला 'सीडीए' नावाच्या ज्या फाइल दाखवतं, त्यांत अमुक ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढीच नोंद असते. म्हणजे मी आत्यासाठी बारा खंडांची फक्त अनुक्रमणिका उतरवून घेतली होती. खरा आवाज असतो आतून बाहेर उलगडत जाणाऱ्या, पाच किलोमीटरहून लांब अशा एकाच सर्पिल रेषेत, सूक्ष्म खळग्यांच्या रूपात. तो लेझरने वाचून संगणकावर फाइल म्हणून उतरवणं याला रिपिंग म्हणतात.

त्याला वेळ किती लागावा? सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हाचं माप साधं होतं: एका सेकंदाचा आवाज एका सेकंदात वाचायचा. यालाच १ एक्स म्हणतात. आत्याच्या सीडी सरासरी ७० मिनिटांच्या, म्हणजे बाराचे १४ तास. माझ्या ड्राइव्हवर मात्र ५२ एक्स असं ठसठशीत छापलेलं आहे. त्या हिशेबाने एक सीडी दीड मिनिटाच्या आत व्हायला हवी. होत नाही.

याचं कारण सीडीच्या आकारातच आहे. रेषेवरचे खळगे सगळीकडे सारख्याच दाटीने बसवलेले असतात. आतला फेरा लहान, बाहेरचा मोठा, त्यामुळे एका फेऱ्यात बाहेर जास्त आवाज मावतो. जुना प्लेअर म्हणूनच आत असताना मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेतो आणि कडेला पोचेपर्यंत २०० वर येतो. संगणकाचा वेगवान ड्राइव्ह असा हळूहळू वेग बदलत बसत नाही. तो मिनिटाला साधारण १०,००० फेऱ्यांवर जातो आणि तिथेच राहतो. भागाकार करून पाहा: आतल्या बाजूला २० एक्स, बाहेरच्या कडेला ५० च्या आसपास. खोक्यावरचा आकडा फक्त शेवटच्या फेऱ्यांचा असतो, आणि सीडी काठोकाठ भरलेली नसेल तर तिथपर्यंत लेझर पोचतही नाही. म्हणून पहिलं प्रकरण उतरताना ड्राइव्ह रेंगाळल्यासारखा वाटतो आणि शेवटचं भर्रकन होतं. शिवाय बरेच ड्राइव्ह ऑडिओ सीडीसाठी आपला वेग आपणच कमी ठेवतात.

तो का कमी ठेवतात, ही यातली सगळ्यात रंजक गोष्ट. सीडीवरचा आवाज ७५ भाग प्रति सेकंद अशा तुकड्यांत वाचला जातो आणि प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा असतो. संगणकाची माहिती ठेवणाऱ्या सीडीत यातले २,०४८ बाइटच कामाचे. उरलेल्यांत तुकड्याचा पत्ता आणि चुका दुरुस्त करण्याची जादा सोय असते. ऑडिओ सीडीत ते सगळे २,३५२ बाइट आवाजानेच भरलेले. संगीत ऐकताना एखादा क्षण बिघडला तर प्लेअर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने ठिगळ लावतो आणि कानाला कळतही नाही, म्हणून दुरुस्तीच्या सोयीतली ही काटछाट चालून गेली. पण पत्ता नसल्यामुळे ड्राइव्ह मध्येच थांबून पुन्हा वाचू लागला, तर नेमका कुठे थांबला होता हे त्याला काटेकोर कळत नाही. आवाजाचे दोन-चार नमुने, म्हणजे त्याचे सूक्ष्म कण, दोनदा येतात किंवा गळतात, आणि वाक्याच्या मध्ये 'टक्' असं ऐकू येतं. चांगले रिपिंग प्रोग्रॅम म्हणून प्रत्येक वेळी थोडं मागे जाऊन वाचतात आणि आधीच्या तुकड्याशी जोड जुळवून पाहतात. काही तर सगळं दोनदा वाचून ताडतात. खात्री वाढते, वेळ दुप्पट होतो.

ओरखड्यांचंही तसंच. सीडीवरची माहिती मुद्दाम विस्कटून, लांबवर पसरून लिहिलेली असते, त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग ओरखडासुद्धा गणिताने पूर्ण भरून काढता येतो. त्याहून मोठा असला की ड्राइव्ह वेग उतरवतो, पुन्हा वाचतो, पुन्हा अडखळतो. एक खराब सीडी मग चार चांगल्या सीडींचा वेळ खाते. उपाय फार साधा आहे: मऊ, ओलसर कापडाने मधून कडेकडे पुसा. गोल गोल पुसू नका, कारण रेषेच्या दिशेने पडलेला ओरखडा आडव्यापेक्षा जास्त घातक. आणि छापील बाजू जपा. माहितीचा थर तिथल्या पातळ लेपाच्या लगेच खाली असतो. चकचकीत बाजूला त्याच्यावर १.२ मिलिमीटर प्लॅस्टिकचं चिलखत तरी असतं.

आत्याच्या तीन सीडींवर नावाच्या कागदी चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, त्याही एका बाजूला. मिनिटाला १०,००० फेरे म्हणजे सीडीची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरने धावते. तेवढ्या वेगात चिठ्ठीच्या वजनानेही तोल जातो, ड्राइव्ह घरघरू लागतो आणि वाचन चुकतं. त्या तिघींचा वेग मी ८ एक्सवर बांधला, तर त्या आधीपेक्षा लवकर झाल्या.

खरा वेळ खाते ती माणसाची पेंग. सीडी चार-पाच मिनिटांत होते आणि मी पंधरा मिनिटांनी उठून दुसरी घालतो! यावर दोन तोडगे आहेत. सीडी घातली की आपोआप सुरू आणि संपली की ट्रे बाहेर, ही सोय बऱ्याच प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये सापडते. ट्रेचा आवाज गजराचं काम करतो. दुसरा तोडगा म्हणजे दोन ड्राइव्ह. एक वाचत असताना दुसऱ्यातली बदलायची. संगणकाला हे झेपतं, कारण आवाजाची एमपीथ्री करणं, म्हणजे कानाला न जाणवणारं गाळून फाइल लहान करणं, त्याच्यासाठी किरकोळ काम आहे. तो बहुतेक वेळ ड्राइव्हचीच वाट पाहत असतो.

नावांची तजवीज मात्र आधीच करावी. गाण्यांच्या सीडींची नावं ट्रॅकच्या लांबीवरून इंटरनेटवर सापडतात, कथावाचनाच्या मराठी संचांची सापडतीलच असं नाही. मग प्रत्येक सीडीतून 'ट्रॅक ०१' निघतो आणि एकाच फोल्डरमध्ये टाकला तर दुसरी सीडी पहिलीवर बिनदिक्कत लिहिली जाते. मी '०७-०३' अशी नावं दिली: सातवी सीडी, तिसरा ट्रॅक. पुढचं शून्य विसरलात तर काही प्लेअर १ नंतर थेट १० लावतात आणि नायकाचं लग्न भेटीच्या आधी होतं.

राहिला आकार. सगळं जसंच्या तसं ठेवलं तर १४ तासांचे जवळजवळ ९ जीबी होतात. एकट्या माणसाच्या वाचनाला दोन स्पीकरची गरज नसते, म्हणून मोनो (एकेरी आवाज) आणि ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) पुरेसं आहे. सगळी कादंबरी ४०० एमबीत बसते. याखाली जाताना जपून. 'स' आणि 'श' यांची सळसळ वरच्या कंपनांत असते आणि तीच आधी छाटली जाते. फोनवर 'स' आणि 'फ' यांची गल्लत होते ती याचमुळे. प्रेक्षकांसमोरचं कथाकथन असेल तर ९६ तरी ठेवा. हसणं आणि टाळ्या म्हणजे निव्वळ गोंगाट, आणि त्यात नेमकं काय गाळावं हे एमपीथ्रीला ठरवता येत नाही. टाळ्या पाण्यात भिजल्यासारख्या ऐकू येतात.

शेवटी मी प्रत्येक सीडीचे ट्रॅक जोडून प्रकरणांच्या खुणा असलेली एकच फाइल केली. कुठे थांबलो ते अशी फाइल वाजवणारं ॲप लक्षात ठेवतं. आत्याला झोप लागते नवव्या मिनिटाला. दुसऱ्या दिवशी ती दहाव्यापासून सुरू करते.