परदेशात पोडियाट्रिस्ट म्हणून काम: सोलापुरातील उमेदवारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांवर वर्षानुवर्षे काम केलेले फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका सोलापुरात आहेत. परंतु केवळ या अनुभवाच्या बळावर परदेशात ‘पोडियाट्रिस्ट’, म्हणजे पायांच्या विकारांवर उपचार करणारा तज्ज्ञ, म्हणून नोकरी मिळत नाही. ब्रिटनमध्ये हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे आणि हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजेच एचसीपीसी, या संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ते वापरता येत नाही. म्हणून आधी नोंदणी, मग नोकरी आणि शेवटी व्हिसा, हा क्रम पाळावा. जाहिराती पाहून थेट अर्ज करत सुटणे हा निव्वळ कालापव्यय आहे.

देशाची निवडही पदवी पाहूनच करावी. अमेरिकेत तेथील मान्यताप्राप्त महाविद्यालयाची चार वर्षांची डीपीएम (डॉक्टर ऑफ पोडियाट्रिक मेडिसिन) पदवी आणि त्यानंतर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील प्रशिक्षण, करावी लागते. बाहेरच्या पदवीला थेट वाव नाही. कॅनडात नियम प्रांतानुसार बदलतात, आणि ऑन्टारिओत तर १९९३ पासून नवे उमेदवार ‘किरोपोडिस्ट’ या पायांवरील उपचारांच्या वेगळ्या पदनामानेच नोंदले जातात. परदेशी पदवीधराच्या शिक्षणासोबत अनुभवही तपासणारी ब्रिटनची पद्धत त्या मानाने सुटसुटीत असल्याने येथे तिचाच विचार केला आहे.

एचसीपीसी पदवीच्या नावापेक्षा अभ्यासक्रमातील आशय पाहते. पायाचे जैवयांत्रिकी परीक्षण, रक्तपुरवठा व संवेदनांची तपासणी, जखमेची निगा, तसेच स्थानिक भूल देऊन करायची नखांची शस्त्रक्रिया हे विषय शिकवले गेल्याचा पुरावा लागतो. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) किंवा नर्सिंगच्या पदवीत यांतील बराच भाग नसतो. अशा उमेदवाराने शुल्क भरण्यापूर्वी आपला अभ्यासक्रम एचसीपीसीने प्रसिद्ध केलेल्या प्रावीण्य-निकषांशी ओळीओळीने ताडून पाहावा. तफावत मोठी असेल, तर तेथील मान्यताप्राप्त पदवी घेणे हाच मार्ग उरतो.

अर्जासोबत ओळखपत्र, पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रके, सविस्तर अभ्यासक्रम, शिक्षणसंस्थेने भरून दिलेली माहिती आणि अनुभवाचे दाखले द्यावे लागतात. पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल, तर ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे विषय व गुणांच्या अधिकृत एकत्रित उताऱ्यासाठी, नाशिकला अर्ज करावा लागतो, त्यामुळे हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. अनुभवाच्या दाखल्यात ‘काम समाधानकारक’ एवढेच लिहून आणू नये. कोणत्या प्रकारचे रुग्ण पाहिले, कोणत्या प्रक्रिया स्वतः केल्या आणि कोणाच्या देखरेखीखाली केल्या, हे त्यात स्पष्ट यायला हवे. मराठीतील दाखल्यांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

नावातील फरक हा आपल्याकडचा नेहमीचा अडथळा आहे. गुणपत्रकावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. विवाहानंतर बदललेले नाव. आणि सोलापुरातील तेलुगू किंवा कन्नड आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे तर एकाच घरात दोन-दोन तऱ्हांची आढळतात. नाव बदललेले असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद आधीच हाताशी ठेवावी.

इंग्रजी ही पहिली भाषा नसलेल्यांसाठी आयईएलटीएस अॅकॅडमिकमध्ये एकूण ७ आणि प्रत्येक भागात किमान ६.५ गुण हा निकष आहे. ही परीक्षा ब्रिटिश व्हिसासाठी मान्य असलेल्या ‘यूकेव्हीआय’ प्रकारातून दिल्यास तोच निकाल व्हिसासाठीही चालतो, त्यामुळे साधी आवृत्ती निवडू नये.

नोंदणीनंतर सार्वजनिक आरोग्य सेवेतील जागा ‘एनएचएस जॉब्स’ या संकेतस्थळावर शोधाव्यात. नवोदितांची पदे साधारणपणे ‘बँड ५’ या वेतनश्रेणीत असतात. निवड झाल्यावर परदेशी कर्मचारी नेमण्याचा ब्रिटिश सरकारचा परवाना असलेला नियोक्ता प्रायोजकत्व प्रमाणपत्र देतो आणि त्याच्या आधारे हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसाचा अर्ज केला जातो. या व्हिसाला आरोग्य अधिभार, म्हणजे तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेसाठी व्हिसा अर्जदारांकडून घेतले जाणारे शुल्क, लागत नाही, ही मोठीच सवलत म्हणायला हवी. क्षयरोग तपासणी मात्र ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते. इतर ठिकाणचा अहवाल चालत नाही. पोलीस दाखल्यासाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज करून सोलापूरच्या टपाल कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेता येते.

एजंटमार्फत जायचे असल्यास, १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील त्याचा नोंदणी क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकी असून पैसे पावती घेऊनच द्यावेत. प्रायोजकत्व प्रमाणपत्र विकत मिळवून देतो असे सांगणाऱ्याकडे तर फिरकूच नये, कारण ते देण्याचा अधिकार केवळ परवानाधारक नियोक्त्याला आहे.