आरओच्या नळकांड्यातला पापुद्रा

आजोबा सांगायचे, बडोद्याच्या दांडिया बाजारात आजवा तलावाचं पाणी यायचं ते नळाला तोंड लावून प्यायचे. आता बहिणीच्या नव्या सोसायटीत बोअर आहे, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) हजाराच्या वर, आरओशिवाय चहासुद्धा होत नाही. परवा आरओवाल्याने काढलेलं जुनं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, मी घरी आणून कापलं, आत नुसती गुंडाळी निघाली, चकचकीत कागद आणि प्लास्टिकच्या जाळ्या, आणि म्हटलं एवढ्याचे एवढे पैसे घेतात?

त्या कागदावरच्या पापुद्र्याची गोष्ट अशी: 1950च्या दशकात फ्लोरिडात रीड आणि ब्रेटन यांनी दाखवलं की सेल्युलोज अ‍ॅसिटेटची फिल्म (सेल्युलोजपासून केलेल्या प्लास्टिकचा पातळ पडदा) मीठ अडवते, पण पाणी इतकं हळू झिरपायचं की उपयोग शून्य. मग लॉस एंजेलिसला लोएब आणि आपले भारतातले सौरीराजन यांनी वर दाट आणि खाली सच्छिद्र अशी फिल्म बनवली, पाणी धावायला लागलं, आणि 1965ला कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावात खाऱ्या पाण्याचा प्लांट सुरू झाला. पण वरचा थर आणि खालचा आधार एकाच मालाचा, त्यामुळे एक सुधारायला जावं तर दुसरं बिघडायचं.

ही गाठ मिनेसोटातल्या जॉन कॅडॉटने सोडवली, 1970च्या दशकात, आणि माझ्या मते खरी हुशारी इथेच आहे. पॉलीसल्फोन नावाच्या प्लास्टिकचा सच्छिद्र आधार अमाइन हे केमिकल विरघळलेल्या पाण्यात भिजवायचा, वरून तेलकट सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) मिसळलेलं दुसरं केमिकल ओतायचं. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून नेमकं सीमेवर दुधावर साय धरावी तसं पॉलीअमाइड (नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक) धरतं, काही सेकंदांत, आणि एकदा धरलं की तेच पुढच्या रिअ‍ॅक्शनची वाट अडवतं, म्हणून जाड होतच नाही. साधारण 100-200 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या कितीतरी शेकडो पट बारीक. आजही घरोघरी हीच पद्धत चालते.

एक खोड मात्र राहिली, पॉलीअमाइडला क्लोरीन सोसत नाही (जुन्या सेल्युलोजला थोडंफार चालायचं), म्हणून मेम्ब्रेनच्या आधी कार्बनची कँडल असते, ती वेळेवर बदलली नाही तर मेम्ब्रेन लवकर जातं, आरओवाला उगाच ओरडत नाही.

पापुद्रा अजून पातळ करायचं काम चालूच आहे. 2015ला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये 10 नॅनोमीटरपेक्षा पातळ केला, अर्थात तो मिठासाठी नव्हे, सॉल्व्हंट गाळायला होता. त्या संशोधकांतले संतनू करण पुढे भावनगरच्या सीएसएमसीआरआय या मीठ आणि समुद्री रसायनांच्या सरकारी संशोधन संस्थेत आले, म्हणजे आमच्याच गुजरातेत.