अचूक म्हणजे अक्षरशः नव्हे

‘कर्मठ इव्हँजेलिकल ख्रिस्ती बायबलमधला शब्दन्शब्द अक्षरशः खरा मानतात,’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरत आहे. (इव्हँजेलिकल म्हणजे बायबललाच सर्वोच्च अधिकार मानणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती.) त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे.

बायबल निर्दोष आहे, त्यात चूक नाही, ही त्यांची श्रद्धा खरीच. पण तिचा अर्थ त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. 1978 साली शिकागोत या पंथाच्या विद्वानांनी आणि नेत्यांनी एक जाहीरनामा काढला, जे. आय. पॅकर, आर. सी. स्प्रोल या धर्मशास्त्रज्ञांच्याही त्यावर सह्या आहेत. त्याचं कलम 18 सांगतं, की वचनाचा अर्थ लावताना व्याकरण, इतिहास आणि साहित्यप्रकार पाहावा. म्हणजे काव्य काव्य म्हणून वाचायचं, दाखला (म्हणजे बोधकथा) दाखला म्हणून. ‘मी दार आहे’ असं येशू म्हणतो तेव्हा कोणी लाकडी फळी डोळ्यांसमोर आणत नाही. कलम 13 नुसार ढोबळ आकडे, अतिशयोक्ती किंवा डोळ्यांना दिसतं तसं केलेलं निसर्गवर्णन यांमुळे निर्दोषतेला बाध येत नाही. मला हे कलम सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक आक्षेपांना उत्तर तिथेच आहे.

आणखी एक. बायबल देवाच्या प्रेरणेने लिहिलं गेलं असं ते मानतात, पण कलम 10 प्रमाणे ही प्रेरणा काटेकोरपणे मूळ हस्तलिखितांना लागू होते. ती आज उपलब्ध नाहीत. कोणतंही भाषांतर आपोआप निर्दोष ठरत नाही.

मात्र याचा अर्थ ते सगळंच रूपक मानतात असाही नाही. येशूचं पुनरुत्थान त्यांच्या दृष्टीने घडलेली घटना आहे, शरीरासकट.