तापली की बंद, थंड झाली की चालू: जुन्या मोटारसायकलचा सीडीआय खरंच जातो का?

मे महिन्यात परभणीला, जालन्याला, अंबाजोगाईला, कुठल्याही गॅरेजवर घटकाभर थांबलं की हे गाऱ्हाणं कानावर येतंच: "गाडी दहा-बारा किलोमीटर चांगली पळते, मग झटके देऊन बंद पडते. झाडाखाली लावली, थंड झाली की एका किकमध्ये सुरू." उत्तरही ठरलेलं असतं: "सीडीआय गेलाय, नवा टाकू." सीडीआयचा नवा डबा बसतो, पैसे जातात आणि पुढच्या उन्हाच्या फेरीत गाडी पुन्हा बांधावर उभी राहते. पुष्कळदा दोष त्या डब्यात नसतोच. तो कुठे असतो हे कळायला ठिणगी कशी तयार होते ते बघावं लागतं, आणि माझ्या मते दुचाकीतला सगळ्यात देखणा भाग तोच आहे.

सीडीआय म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम सोडून ठिणगी पाडणारी यंत्रणा. कल्पना जुनी आहे. निकोला टेस्लाला अशा प्रज्वलनाचं अमेरिकी पेटंट १८९८ सालीच मिळालं होतं. अडचण होती ती वीज नेमक्या क्षणी सोडणाऱ्या स्विचची. तो १९५७ च्या सुमारास थायरिस्टरच्या रूपात हाती आला आणि १९६९ च्या कावासाकी एच-१ सारख्या मोटारसायकलीत सीडीआय दिसू लागला. आपल्याकडे त्याआधीच्या गाड्यांत सीबी पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे धातूचे संपर्क, असायचे. ते घासायचे, काळे पडायचे, दर थोड्या महिन्यांनी कानशीने साफ करून गॅप लावावा लागायचा. हिरो होंडाची सीडी १०० १९८५ मध्ये आली आणि हे काम हळूहळू विसरलं गेलं.

आता डब्याच्या आत शिरू. इंजिनाच्या डाव्या कव्हरखाली मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आतल्या प्लेटवर कॉइली असतात. त्यातली एक बारीक तारेच्या पुष्कळ वेढ्यांची सोर्स कॉइल. तिच्यात शेकडो व्होल्टचा उलटसुलट प्रवाह तयार होतो, डायोड त्याला एकाच दिशेने जाऊ देतो आणि कपॅसिटर भरतो. आपल्याकडे बोअरला पाणी कमी असलं की धार हौदात साठवतात आणि मग एकदम पाटाला सोडतात, तसंच हे. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३०० व्होल्टपर्यंत भरला तर त्यात ४५ मिलिज्यूल ऊर्जा साठते. थायरिस्टर उघडला की ती सगळी क्षणार्धात एचटी (व्होल्ट वाढवणाऱ्या) कॉइलच्या प्राथमिक वेढ्यांतून धावते आणि दुसऱ्या बाजूला पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात.

थायरिस्टरला "उघड" असं सांगते पिकअप कॉइल. मॅग्नेटचं कव्हर काढून बघा: बाहेरच्या कडेवर बोटाच्या पेराएवढी एक उंच पट्टी दिसेल. पट्टीचं पुढचं टोक पिकअपसमोरून गेलं की विजेचा एक स्पंद उठतो, मागचं टोक गेलं की उलट दिशेचा दुसरा.

दोन टोकं कशासाठी? मिश्रण पेटून दाब चढायला साधारण दोन मिलिसेकंद लागतात असं धरू. १५०० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक १८ अंश फिरतो, ३००० ला ३६ अंश. म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याच्या आधी, आणि वेग वाढेल तसतशी आणखी आधी, ठिणगी पडली पाहिजे. (वेग वाढला की सिलिंडरमधली खळबळही वाढते आणि ज्वाला लवकर पसरते, म्हणून हा हिशेब सरळ प्रमाणात चढत नाही.) मंद वेगात ठिणगी मागच्या टोकाला धरून पडते. वेग वाढला की पिकअपचा स्पंद उंच आणि उभट होतो, थायरिस्टर उघडण्याची पातळी तो लवकर ओलांडतो आणि ठिणगी पुढच्या टोकाकडे सरकते. त्याच्याही पुढे ती जाऊ शकत नाही. कुठलाही संगणक नसताना, नुसत्या पट्टीच्या लांबीने आणि मोजक्या सुट्या भागांनी हे जमवलं आहे. ३००० आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग, हे लक्षात घेतलं की त्या पट्टीचं मोल कळतं.

आता उन्हाकडे. पिकअप आणि सोर्स कॉइल दोन्ही इंजिनाच्या कुशीत भाजत असतात. केसासारखी तार कुठे तडकलेली असेल किंवा तिचं डाखण (सोल्डर) सुटलेलं असेल, तर थंडपणी टोकं एकमेकांना टेकून राहतात. तापलं की फाकतात. स्पंद थांबला, ठिणगी थांबली. म्हणून मीटर लावायचा तो गाडी बंद पडल्या क्षणी, तापलेली असतानाच. सकाळी गॅरेजात १०० ते २०० ओहम दाखवणारी पिकअप दुपारी रस्त्यावर काहीच दाखवत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावा. डबा मात्र मीटरवर तपासता येत नाही. तो आतून रेझिनने भरलेला ठोकळा असतो. त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा डबा लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

प्लग काढून इंजिनाला टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगी दिसली की "करंट आहे" म्हणायचं, हीसुद्धा अर्धीच परीक्षा. उघड्या हवेत ०.७ मिलिमीटरची फट ओलांडायला सुमारे तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा आठ-नऊ पट दाबलेली असते. तिथे दहा हजारांच्या वर लागतात. दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, हे फ्रिड्रिख पाशेनने १८८९ मध्ये दाखवलं. बाहेर उडणारी ठिणगी आत मरू शकते.

हँडलला लिंबू-मिरची बांधून किंवा अमावास्येला गाडी बाहेर न काढून तुटलेली तार जुळत नाही. तितकाच राग मला "रेसिंग सीडीआय लावा, ॲव्हरेज वाढवा" या जाहिरातींचा येतो. पेट्रोल आणि हवेचं योग्य मिश्रण पेटायला एक मिलिज्यूलही लागत नाही. साधा सीडीआय त्याच्या कितीतरी पट देतो. ठिणगी मोठी केली म्हणून पेट्रोलमधली ऊर्जा वाढत नाही.

डबा बदलायची वेळ आलीच, तर आधी बंद करण्याची वायर बघा. मॅग्नेटवर चालणाऱ्या एसी सीडीआयमध्ये चावी बंद करणं म्हणजे ती वायर बॉडीला जोडणं. पावसाचं पाणी चावीच्या स्विचमध्ये गेलं किंवा उंदराने आवरण कुरतडलं तरी तेच घडतं. ती वायर डब्यापासून सोडवून किक मारा. ठिणगी आली तर डबा चांगला आहे. दुसरं, डीसी सीडीआय बॅटरीवर चालतो. त्याचा सॉकेट तुमच्या गाडीत बसला तरी तो एसीच्या जागी चालत नाही, उलट जळू शकतो. आणि पिकअप किंवा प्लेट बदलायला मॅग्नेट काढावा लागला, तर पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) काढा. हातोडीने ठोकला तर चुंबक तडकतात. परत बसवताना क्रँकच्या खाचेतली चावी (मॅग्नेट जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा) जागेवर आहे ना ते बघा. ती कापली गेली की मॅग्नेट सरकतो आणि सगळं टायमिंग चुकतं.