शिवालिकचा तीन बोटांचा घोडा: सिवॅलहिप्पसच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

मुंबईच्या खडकात घोडा सापडायचा नाही. वरळीत बेडकांचे सुरेख जीवाश्म मिळाले, पण ते दख्खनच्या लाव्हाच्या काळातले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा घोड्याचे कूळच सुरू झाले नव्हते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्यांचे भारतीय उपखंडातले नामशेष भाऊबंद शोधायचे तर हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्या गाठाव्या लागतात.

तिथल्या हाडांकडे जगाचे लक्ष वेधले एकोणिसाव्या शतकातल्या ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली या ब्रिटिश संशोधकांनी. गंगेचा कालवा बांधणारा तोच हा कॉटली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ साली पंजाबातल्या एका जबड्याच्या तुकड्यावरून तिथल्या तीन बोटांच्या घोड्याला ‘सिवॅलहिप्पस थिओबाल्डी’ हे नाव दिले. सगळा घोळ इथूनच सुरू झाला, कारण तो तुकडा शिंगराचा होता आणि त्यात दुधाचे दात होते. दुधाच्या दाढांची ठेवण पक्क्या दाढांपेक्षा वेगळी असते. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या जनावराची कवटी हाती आली, तरी ती याच जातीची की दुसऱ्या, हे ठरवणे अवघड. पुढे बराच काळ ही जात ‘हिप्पॅरियन’ या, तीन बोटांच्या नामशेष घोड्यांच्या मोठ्या गाठोड्यात पडून राहिली.

हिप्पॅरियन गटाची ओळख दाढेत आहे. आजच्या घोड्याच्या वरच्या दाढेत आतल्या बाजूचा उंचवटा उरलेल्या दाढेला जोडलेला असतो. या गटात तो बेटासारखा सुटा दिसतो. पायाला तीन बोटे, पण भार मधल्या बोटावर. बाजूची दोन लहान, सपाट जमिनीवर बहुधा न टेकणारी. आजच्या घोड्यात त्याच जागी नळीच्या हाडाला लागून दोन बारीक स्प्लिंट हाडे तेवढी उरली आहेत.

दात मुबलक सापडतात म्हणून जुने वर्गीकरण दातांवर उभे राहिले. पण दाढ झिजली की तिच्या वरच्या इनॅमलची नक्षी बदलते. एकाच जातीचा तरुण आणि म्हातारा घोडा दोन जातींचे वाटू शकतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हणून डोळ्यापुढच्या, गालावरच्या खळग्याला महत्त्व आले. तो किती खोल, कडा किती ठळक, डोळ्यापासून किती दूर, हे मोजले जाऊ लागले. १९७९ साली पाकिस्तानातल्या जीवाश्मांच्या अभ्यासात ही जात हिप्पॅरियन गटातल्याच ‘कॉर्मोहिप्पॅरियन’ या दुसऱ्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) गेली. नंतरच्या संशोधकांनी कवटी, दात आणि पायांची हाडे एकत्र तपासून लायडेकर यांचे ‘सिवॅलहिप्पस’ हे मूळ नाव पुन्हा उभे केले. माझ्या मते हाच रास्त निर्णय: एकट्या खळग्यावर किंवा एकट्या दाढेवर प्रजाती तोलणे धोक्याचेच होते.

शाळेच्या तक्त्यात चार बोटांपासून एका खुरापर्यंत सरळ रांग काढलेली असते. ती मनातून पुसायला हवी. हिप्पॅरियन उत्तर अमेरिकेतून आशियात आले ते सुमारे १.१ कोटी वर्षांपूर्वी. आजच्या घोड्याची प्रजाती ‘इक्वस’ तिथूनच, पण वेगळी, सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी आली. म्हणजे सिवॅलहिप्पस आजच्या घोड्याचा आजोबा नव्हे, ती निराळी फांदी आहे. आणि ती शिवालिकपुरतीही नव्हती. केनियातल्या लोथागम इथल्या, आधी ‘हिप्पॅरियन’ म्हणून नोंदलेल्या एका दांडग्या जातीची गणना आता सिवॅलहिप्पसमध्येच होते.